गाठ उघडण्याआधी

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराचा गुडघा दुखला तर जळगाव जामोदमध्ये कुणालाच त्याचे नवल वाटत नाही. पहाटे उठून सोळाशे मीटर धावायचे, गोळा फेकायचा, मग दिवसभर शेतात किंवा दुकानात राबायचे. अंग कुठेतरी कुरकुरणारच. तेल लावून होते, लेप होतो, पट्टी बांधून होते, मेडिकलमधून आणलेली गोळी होते. दुखणे चार दिवस दबते आणि परत वर येते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरोखरच स्नायूचे किंवा सांध्याचे साधे दुखणे असते आणि विश्रांतीने जाते. फार थोड्यांच्या बाबतीत मात्र गुडघ्याच्या वर किंवा खाली, हाडाच्या आत, सार्कोमा नावाचा कर्करोग वाढत असतो. त्या थोड्यांना वेळेत ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर काय करायचे व काय टाळायचे, यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे एकच आहे. या आजारात उपचार कोणते, याइतकेच ते कोणत्या क्रमाने होतात याला महत्त्व आहे. क्रम चुकला तर उत्तम औषध आणि उत्तम सर्जन मिळूनही पाय वाचत नाही, कधी जीवही वाचत नाही.

कर्करोग म्हटला की विदर्भात खर्रा आठवतो, तंबाखू आठवते, तोंड न उघडणारा माणूस आठवतो. बायकांच्या बाबतीत स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. हे सगळे शरीराच्या अस्तरातून किंवा ग्रंथींमधून उगवतात. सार्कोमा उगवतो तो हाडात, स्नायूत, चरबीत, रक्तवाहिन्यांत, नसांच्या वेष्टणात. म्हणजे शरीराला आकार आणि आधार देणाऱ्या भागांत. मोठ्या माणसांच्या शंभर कर्करोगांत तो जेमतेम एक असतो. मुलांमध्ये आणि किशोरवयात हेच प्रमाण शंभरात दहा ते पंधरापर्यंत जाते. त्यातही प्रकार सत्तरहून अधिक. तालुक्याच्या गावी तीस वर्षे सेवा केलेल्या डॉक्टरांनी आयुष्यात असा एखाद-दुसराच रुग्ण पाहिलेला असतो, त्यामुळे पहिल्या भेटीत तो त्यांच्या ध्यानात आला नाही तर त्यांना दोष देणे बरोबर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मात्र तो ध्यानात यायला हवा, आणि त्यासाठी रुग्णाने आणि घरच्यांनीही थोडे जागे असायला हवे.

तरुणांमधले तीन-चार प्रकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. ज्या वयात उंची झपाट्याने वाढते त्याच वयात तो जास्त दिसतो आणि बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला बसतो. खांद्याजवळचे दंडाचे हाड ही त्याची पुढची जागा. युइंग सार्कोमा हाडाच्या मधल्या भागात, कमरेच्या हाडात, बरगडीत, कधी हाड सोडून मांसातही होतो. सायनोव्हियल सार्कोमा हातापायांच्या मांसात, बऱ्याचदा सांध्याशेजारी, एखाद्या गाठीच्या रूपाने वर्षानुवर्षे गुपचूप बसलेला असू शकतो. आणि एक फारच दुर्मीळ प्रकार तरुण मुलग्यांच्या पोटात एकाच वेळी अनेक गाठींनी पसरतो. त्याला लहान गोल पेशींचा डेस्मोप्लास्टिक ट्यूमर म्हणतात. हे सगळे आक्रमक आहेत. पोटातला प्रकार सोडला तर पसरताना ते बहुतेक वेळा रक्तावाटे आधी फुप्फुसांत जातात.

आईबापांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो कारणाचा. पोरगा बैलगाडीवरून पडला होता, कबड्डीत मार लागला होता, त्याचेच हे झाले का? नाही. मार लागल्याने सार्कोमा होत नाही. मार लागल्यामुळे त्या जागेकडे लक्ष जाते आणि आधीपासून असलेली सूज तेव्हा नजरेत येते. तंबाखू, खाणेपिणे, व्यसन यांचा इथे संबंध लागत नाही. थोड्या कुटुंबांत पी-५३ सारख्या जनुकातला जन्मजात दोष असतो आणि एकाच घरात लहान वयात अनेक कर्करोग होतात. अमेरिकेतल्या ली आणि फ्राउमेनी या दोन डॉक्टरांनी अशी कुटुंबे १९६९ मध्ये प्रथम नोंदवली. बालपणी दुसऱ्या एखाद्या कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील तर त्या जागी पुढे सार्कोमा होण्याचा धोका वाढतो. हे अपवाद सोडले तर बहुतेक रुग्णांत सापडेल असे कारण नसतेच. म्हणून "आम्ही काय चुकलो" या विचारात घालवलेला प्रत्येक दिवस वाया जातो.

लक्षणे साधी आहेत, आणि घोटाळा तिथेच होतो. खेळाचे दुखणे श्रमाने वाढते आणि रात्री निवळते. हाडातल्या सार्कोमाचे दुखणे आराम करतानाही असते, रात्री झोपेतून उठवते, आणि आठवड्यागणिक वाढत जाते. पुढे तिथे सूज येते, ती कडक असते. एकाच जागी, एकाच बाजूला, तीन-चार आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर मलम बदलण्याऐवजी एक्स-रे काढावा. ही सोय ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर मिळते आणि खर्च फार नसतो. ऑस्टिओसार्कोमात हाडाचे वरचे आवरण उचलले जाऊन एक त्रिकोण दिसतो; बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. युइंग सार्कोमात आवरणाचे थर एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दिसतात. सुरुवातीचा एक्स-रे अगदी निर्दोषही असू शकतो. तेव्हा तो निर्दोष आला आणि दुखणे मात्र थांबत नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी तो परत काढावा किंवा एमआरआय करावा.

युइंगचा आणखी एक डाव आहे. त्यात ताप येतो, सुजलेली जागा गरम लागते, रक्तात ईएसआर वाढतो. म्हणजे हाडात पू झाल्याचे किंवा हाडाच्या टीबीचे चित्र हुबेहूब उभे राहते. आपल्या भागात टीबी भरपूर, त्यामुळे तसा संशय येणे चुकीचे नाही. पण पुराव्याशिवाय महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या चालू ठेवणे चुकीचे आहे. आणि अशा सुजेवर मालिश तर अजिबात नको. पोखरलेले हाड दाबाने मोडते, आणि मोडलेल्या हाडातून पेशी आजूबाजूच्या मांसात उतरल्या की पाय वाचवणे दुप्पट अवघड होते.

आता मांसातल्या गाठीकडे येतो, कारण खरे नुकसान इथे जास्त होते. अंगावर गाठ असणे ही रोजची बाब आहे. चरबीची गाठ असते, आवाळू असते, मनगटावर पाण्याची गाठ असते. सगळ्या गाठींना घाबरायचे ठरवले तर दवाखाने अपुरे पडतील. पण चार खुणा ध्यानात ठेवाव्यात: गाठ पाच सेंटीमीटरहून मोठी आहे, म्हणजे मोठ्या लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, ती खोल मांसात बसली आहे आणि कातडीखाली सरकत नाही, ती वाढते आहे, किंवा एकदा काढून ती परत आली आहे. यातली एक खूण असली तरी त्या गाठीला चाकू लावण्याआधी तिची सोनोग्राफी आणि मग एमआरआय झालाच पाहिजे. दुखत नाही म्हणून ती साधी, असे समजू नये. मांसातले बरेच सार्कोमा दुखत नाहीतच.

होते असे की भूल देऊन वीस मिनिटांत गाठ काढली जाते, टाके पडतात, रुग्ण संध्याकाळी घरी. काढलेला तुकडा कधी तपासायला जातो, कधी फेकला जातो. तीन आठवड्यांनी अहवाल येतो किंवा तीन महिन्यांनी गाठ परत येते. सार्कोमा बाहेरून गोलसर, वेष्टण असल्यासारखा दिसतो आणि सर्जनच्या हातात सहज सुटून येतो. पण ते वेष्टण खोटे असते. कर्करोगाच्या पेशी त्याच्या पलीकडे निरोगी दिसणाऱ्या मांसात आधीच पोचलेल्या असतात. गाठ सोलून काढली की त्या पेशी मागे राहतात, आणि रक्तस्राव जिथपर्यंत पसरला तिथपर्यंत त्या पसरतात. नंतर मोठ्या रुग्णालयात जावे लागते तेव्हा जुना व्रण, त्याखालचा सगळा मार्ग, रक्त साकळलेली जागा, हे सारे एकत्र काढावे लागते. आडवा छेद घेतला असेल तर आणखी मांस जाते, वरून कातडी लावावी लागते. एका चुकीच्या छेदापायी पाय गमावावा लागल्याची उदाहरणे जगभरच्या वैद्यकीय नोंदींत आहेत. हार्वर्डशी जोडलेल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे हेन्री मँकिन यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचा आणि १९९६ मध्ये ५९७ रुग्णांचा अभ्यास मांडला. तुकडा तपासणीसाठी काढण्याचे काम उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात झाले असेल तर चुका, गुंतागुंती आणि उपचार बदलावे लागण्याचे प्रकार दोनपासून बारा पटींनी वाढतात, असे दुसऱ्या अभ्यासात दिसले. चौदा वर्षांत, अमेरिकेसारख्या देशातही, या चित्रात फारसा फरक पडला नव्हता.

म्हणून नियम असा आहे: आधी फोटो, मग तुकडा, आणि जो सर्जन पुढे मोठी शस्त्रक्रिया करणार आहे तोच, किंवा त्याच्या सल्ल्याने रेडिओलॉजिस्ट, तुकडा काढील. आज बहुतेक वेळा गाठ उघडावीच लागत नाही. सोनोग्राफी किंवा सीटीत पाहत जाड सुईने दोन-तीन बारीक तुकडे काढतात. सुई कुठून आत गेली ती जागा पुढच्या शस्त्रक्रियेच्या रेषेवर असते, म्हणजे तो मार्गही नंतर गाठीबरोबर काढता येतो. तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो, ही समजूत आपल्या भागात खोल रुजलेली आहे. नीट ठरवून केलेल्या तपासणीने आजार पसरत नाही. पसरतो तो न ठरवता केलेल्या शस्त्रक्रियेने आणि वाट पाहण्याने.

तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर दुसरी अडचण सुरू होते. युइंग, एक प्रकारचा रॅब्डोमायोसार्कोमा, लिंफोमा आणि पोटातला तो डेस्मोप्लास्टिक ट्यूमर, हे सगळे बारीक, निळ्या, गोल पेशींच्या झुंडीसारखे दिसतात. उपचार मात्र प्रत्येकाचे वेगळे. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये या हाडाच्या आजाराचे वर्णन केले तेव्हा त्यांच्याकडे फक्त डोळे आणि काच होती. पुढे १९८०च्या दशकात कळले की या पेशींत अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. या अदलाबदलीतून दोन जनुके जोडली जाऊन एक नवे प्रथिन तयार होते आणि ते पेशीला सतत वाढत राहण्याचा हुकूम देत राहते. सायनोव्हियल सार्कोमात अशीच अदलाबदल एक्स आणि अठराव्या गुणसूत्रांत होते. आज विशेष रंगांची आयएचसी तपासणी आणि जनुकांची जोडणी शोधणारी फिश तपासणी करून निदान पक्के करतात. म्हणून नुसता "कॅन्सर आहे" असा अहवाल सार्कोमात पुरेसा नसतो. प्रकार कोणता, हे ठरल्याशिवाय किमोची पहिली बाटली लावू नये.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. तपासणीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्यातले पातळ काप लावलेल्या काचांना स्लाइड. मोठ्या केंद्रात गेल्यावर ते नुसता कागदी अहवाल मान्य करत नाहीत, ब्लॉक आणि स्लाइड मागतात आणि स्वतः परत तपासतात. खामगाव, अकोला किंवा बुलढाण्याच्या लॅबमध्ये तपासणी झाली असेल तर निघण्याआधी तिथून ब्लॉक मागून घ्यावा. मुंबईला पोचून ब्लॉकसाठी परत एक फेरी करावी लागली तर आठवडा जातो, आणि या आजारात आठवडा मोठा असतो.

उपचारांच्या इतिहासात एक कलाटणी आहे, ती समजली की आजचा क्रम का आहे ते समजते. १९७० पूर्वी ऑस्टिओसार्कोमाला पाय कापणे हा एकच उपाय होता. पाय कापूनही पाचातले चार जण दगावत, कारण निदानाच्या वेळीच डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसांत पोचलेले असत. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा पाय १९७७ मध्ये अठराव्या वर्षी कापला गेला. त्याने १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर देश पालथा घालायला सुरुवात केली, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि आजार फुप्फुसांत परतल्यामुळे त्याला थांबावे लागले. जून १९८१ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो गेला. त्याच दशकात औषधांची बाजू उभी राहत होती. १९८६ साली अमेरिकेत मायकेल लिंक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नुसत्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे आजारमुक्त राहिलेले रुग्ण १७ टक्के होते. शस्त्रक्रियेसोबत किमो मिळालेल्यांत ६६ टक्के. त्यानंतर किमोवर वाद उरला नाही.

शस्त्रक्रियेच्या आधी किमो देण्याची पद्धत कशी सुरू झाली ती हकिकत मला फार मोलाची वाटते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पाय न कापता आजारी हाड काढून धातूचे हाड बसवण्याचे प्रयोग चालू होते. ते धातूचे हाड प्रत्येक रुग्णाच्या मापाने घडवायला काही महिने लागत. तोवर रुग्णाला रिकामे ठेवायचे नाही म्हणून औषधे सुरू केली गेली. मग दिसले की गाठ आक्रसते, तिच्या कडा स्पष्ट होतात, आणि काढलेले हाड तपासले की औषधाने किती पेशी मेल्या तेही कळते. नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी मेल्या असतील तर पुढचे भवितव्य चांगले. आज जगभर हाच क्रम आहे: दोन-तीन महिने किमो, मग शस्त्रक्रिया, मग परत किमो. घरच्यांना वाटते, गाठ समोर दिसते आहे आणि डॉक्टर ती काढत का नाहीत. त्याचे उत्तर या हकिकतीत आहे.

धातूचे हाड परदेशातून आणायचे तर ते आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने यावर देशी उत्तर काढले. टीएमएच-नाइस नावाचा, कमी खर्चाचा, इथेच बनवलेला सांधा त्यांनी तयार केला आणि त्यामुळे पाय वाचवणे ही श्रीमंतांची गोष्ट राहिली नाही. त्याच रुग्णालयात डॉ. अजय पुरी आणि सहकाऱ्यांनी आणखी एका पद्धतीचा मोठा अनुभव जमवला. आजारी हाडाचा मधला भाग काढतात, त्यावरची गाठ खरवडून साफ करतात, तो तुकडा शस्त्रक्रियेच्या टेबलावरून किरणोपचार विभागात नेऊन जबर मात्रेचे किरण देतात, आणि मेलेल्या पेशींसह तेच हाड परत जागेवर पट्टी-स्क्रूने बसवतात. रुग्णाचे स्वतःचे हाड, मापात तंतोतंत बसणारे. औषधांच्या बाबतीतही टाटाने आपली वाट शोधली. पाश्चात्त्य देशांत ऑस्टिओसार्कोमाला मेथोट्रेक्सेटची प्रचंड मात्रा देतात. त्यासाठी रक्तातली पातळी वारंवार मोजावी लागते, जी सोय आपल्याकडे सगळीकडे नाही. टाटाची ओजीएस-१२ ही पद्धत डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड या तीन औषधांवर उभी आहे, मेथोट्रेक्सेटशिवाय. परिस्थितीला शोभेल असा हा विचार मला नुसत्या अनुकरणापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. पाय कापावाच लागला तर तोही पराभव नसतो. गाठ मुख्य रक्तवाहिनीला आणि नसेला वेढून बसली असेल तर जीव वाचवणारा तोच निर्णय असतो.

युइंगला पाच औषधे दोन गटांत आळीपाळीने देतात, आणि शस्त्रक्रिया किंवा शेक, म्हणजे किरणोपचार, किंवा दोन्ही. यातले व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून मिळते, जी वऱ्हाडात अंगणाअंगणात फुलते. पण सदाफुलीची पाने चघळून हा आजार बरा होत नाही. टनावारी पाने वाळवली तेव्हा कुठे ग्रॅमभर औषध हाती येते, आणि पानांतली इतर द्रव्ये विषारी आहेत. युइंगमध्ये तारखांना विलक्षण महत्त्व आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीच औषधे, त्याच मात्रेत, तीन आठवड्यांऐवजी दर दोन आठवड्यांनी दिली तेव्हा पाच वर्षे आजार न परतलेल्यांचे प्रमाण ६५ वरून ७३ टक्क्यांवर गेले. औषध नवे नव्हते, फक्त दोन मात्रांमधले अंतर कमी झाले. सोयाबीनची काढणी आहे, तिकीट मिळाले नाही, घरात लग्न आहे, म्हणून किमो आठवडाभर पुढे ढकलणे किती महाग पडते ते या आकड्यांवरून कळावे.

आजार एकाच जागी असताना योग्य उपचार पूर्ण झाले तर ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग या दोन्हींत साधारण शंभरातले साठ ते सत्तर रुग्ण पाच वर्षांपलीकडे जातात. निदानाच्या वेळीच तो फुप्फुसांत किंवा इतर हाडांत पोचला असेल तर हे प्रमाण तीसच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. म्हणून पहिल्याच आठवड्यात छातीचा सीटी आणि सगळ्या शरीराचा बोन स्कॅन किंवा पेट-सीटी करतात.

अठरा ते तीस हे वय या सगळ्यात अडचणीचे. बालरोग विभागाला ही मुले मोठी वाटतात आणि मोठ्यांच्या वॉर्डात शेजारी साठीचे रुग्ण असतात. शिक्षण अर्धे, नोकरी नवी, लग्न ठरत आलेले. त्यांच्याशी खरे बोलले जात नाही. डॉक्टर बापाशी बोलतात, बाप काकाशी बोलतो, आणि ज्याचा पाय आहे तो छताकडे पाहत राहतो. सज्ञान मुलाला किंवा मुलीला आजाराचे नाव आणि उपचाराचा आराखडा कळलाच पाहिजे. एक प्रश्न तर किमोच्या आधीच विचारायचा असतो, नंतर त्याला उपयोग नाही: पुढे मूल होण्याचे काय? या औषधांनी शुक्राणू आणि स्त्रीबीजे कायमची नष्ट होऊ शकतात. मुलग्यांचे वीर्य गोठवून ठेवण्याला एक-दोन दिवस पुरतात. मुलींची स्त्रीबीजे गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा त्याचा निर्णय आणखी लवकर व्हायला हवा. संकोचापायी हा विषय टाळला जातो, आणि बरा झालेला तरुण दहा वर्षांनी विचारतो की मला तेव्हा कुणी सांगितले का नाही. मुलीच्या मांडीवरची गाठ लग्नाच्या धास्तीने लपवून ठेवणे हा तर तिच्या जिवाशी केलेला अन्याय आहे.

जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी. जवळचे रेल्वे स्टेशन नांदुरा, पंचवीसेक किलोमीटरवर, हावडा-मुंबई मार्गावर. तिथून रात्रभराच्या प्रवासाने दादर गाठता येते. भिंगारा किंवा चाळीसटापरीसारख्या डोंगरातल्या आदिवासी गावांना त्याआधी तालुक्याला उतरणे हाच एक प्रवास. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याचे राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. हाडाच्या सार्कोमाची पहिली तपासणी आणि शस्त्रक्रियेचा निर्णय जिथे हाडाच्या गाठींचा वेगळा चमू आहे तिथेच व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या किमो त्या चमूच्या लेखी आराखड्यानुसार जवळ घेता येतात. टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याच्या पुढाकारातून २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची तीनशेहून अधिक केंद्रे जोडली गेली आहेत. म्हणून जवळच्या केंद्रातल्या डॉक्टरांना "ग्रिडमधून सल्ला घेता येईल का" असे जरूर विचारावे.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार येतात, आणि किमो, शेक, शस्त्रक्रिया यांचा त्यात समावेश आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी शिधापत्रिका आणि आधार दाखवावे; उपचार सुरू झाल्यावर कागद जुळवायला गेले की अडचण येते. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीचे तिकीट पूर्ण माफ असते, सोबतच्या माणसालाही मोठी सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. शेंडगावचा हा वऱ्हाडी माणूस मुंबईत आजाऱ्यांसाठी छप्पर उभे करण्याची रीत घालून गेला, आणि आजही टाटाचे कितीतरी रुग्ण तिथे राहून उपचार पुरे करतात.

आपल्या भागासाठी एक सूचना वेगळी द्यायला हवी. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतला पूर्णेकाठचा पट्टा खारपाणपट्ट्यात येतो, आणि किडनीचे आजार इथल्या अनेक घरांत आहेत. सिसप्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड ही दोन्ही औषधे किडनीवर ताण टाकतात. घरात कुणाला किडनीचा आजार असेल, स्वतःचे क्रिएटिनिन कधी वाढलेले असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे. मात्रा आणि सलाइन त्यानुसार ठरते. दुखण्यासाठी मनाने घेतलेल्या गोळ्या या काळात पूर्ण बंद. आणि दुसरे, किमो घेऊन गावी परतल्यावर सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. त्या दिवसांत शंभराच्या वर ताप आला तर रात्री बारा वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जाऊन किमोची फाइल दाखवावी, रक्त तपासावे आणि शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू करावे. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवून झोपलेला रुग्ण पहाटेपर्यंत हाताबाहेर जाऊ शकतो. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. मुंबईच्या डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी लिहून आणावी.

उपचार संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन महिन्यांनी त्या जागेची आणि छातीची तपासणी असते, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. डॉक्सोरुबिसिनने हृदय पुढेही अशक्त होऊ शकते, म्हणून मधूनमधून टूडी इको. धातूचा सांधा काही वर्षांनी सैल होतो, तेव्हा तो बदलावा लागतो. तरुणाला आयुष्यात एकाहून जास्त वेळा. फुप्फुसांत एक-दोन गाठी परत आल्या तर सगळे संपले असे समजून घरी बसू नये. मोजक्या गाठी असतील तर छातीच्या शस्त्रक्रियेने त्या काढता येतात, आणि अशा शस्त्रक्रियेनंतर कायमचे बरे झालेले रुग्ण आहेत. त्यासाठी त्या लहान असतानाच सापडायला हव्यात, म्हणजे पाय दुखत नसतानाही, काम सोडून, ठरल्या तारखेला तपासणीला जायला हवे.